आजोबांचे वाफेचे इंजिन: आधी बॉयलर, रंग सर्वांत शेवटी

तुम्ही विचारलेले थोडक्यात मांडतो. तुमचे आजोबा १९३०च्या दशकात रेल्वेच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते आणि परतताना त्यांनी वाफेवर चालणारे एक छोटे इंजिन आणले होते. ते आता पुण्याच्या घरी माळ्यावर, त्याच्या लाकडी पेटीत सापडले आहे. हिरवा रंग बराच उडाला आहे, टेंडरवर, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, ४४७२ हा आकडा वाचता येतो, बॉयलरखाली स्पिरिटचा लांबट दिवा आहे, आणि चाके जागची हलत नाहीत. मोजमापावरून ते ३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचे असावे, असे तुम्ही म्हणता. ओळखीचा एक गॅरेजवाला ते सँडब्लास्ट करून, पावडर कोटिंग करून नव्यासारखे करून द्यायला तयार आहे. तर रंग कोणता द्यावा, चाके कशी सोडवावीत, गणपतीत घरी सगळे जमतील तेव्हा ते वाफेवर चालवता येईल का, त्याची किंमत किती, आणि अशा इंजिनांचा संग्रह करायचा झाल्यास पुढे काय घ्यावे, असे तुमचे प्रश्न आहेत.

सर्वांत आधी एक विनंती करतो: इंजिन गॅरेजमध्ये नेऊ नका. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला चालते, आणि या काळातल्या पत्र्याच्या खेळण्यांचे बरेचसे सांधे ज्या कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेले असतात, ते १८३ अंशांपासून वितळू लागते. म्हणजे रंग पक्का होईपर्यंत इंजिनाचे सांधे सुटलेले असतील. त्याआधीच्या सँडब्लास्टिंगने पातळ पत्रा पोचे येऊन वाकतो, आणि त्यावरचा कथलाचा मुलामा निघून गेल्यामुळे पुढच्याच पावसाळ्यात तो गंजू लागतो.

तुम्ही सुरुवात रंगापासून केली आहे. मी उत्तर दुसऱ्या टोकाकडून देणार आहे. तुमच्या हातात एकाच वेळी दोन वस्तू आहेत. एक आहे आगीवर ठेवून दाबाखाली आणायचे भांडे, ज्याला वयाची सवलत देता येत नाही. दुसरा आहे नव्वद वर्षांपूर्वीच्या एका कारखान्यातल्या हातकामाचा दाखला, जो एकदा पुसला की पुन्हा लिहिता येत नाही. पहिल्या वस्तूशी कठोरपणे वागावे लागते आणि गरज पडल्यास तिचे भाग निःसंकोच बदलावे लागतात. दुसऱ्या वस्तूच्या बाबतीत हात आखडता ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक कामाआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, की हे केलेले उद्या मागे घेता येईल का. जे मागे घेता येते ते आधी करावे, आणि जे येत नाही ते शक्य तितके लांबणीवर टाकावे. मी पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये अकरा वर्षे काढली आणि त्यानंतरची सव्वीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहून फावल्या वेळात अशीच छोटी इंजिने दुरुस्त करत आलो आहे. पुढे जे लिहितो ते त्या अनुभवातून आलेले आहे. तुमचे इंजिन मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यातले काही तुमच्या बाबतीत लागू पडणार नाही; तशा जागा मी दाखवत जाईन.

वर्णनावरून ते बोमनचे असावे असे वाटते. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या डेरहॅम या गावी जेफ्री बोमन जेन्किन्स यांच्या या कंपनीने १९२०च्या दशकापासून १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाफेची खेळणी बनवली, आणि चार पुढची व चार चालवणारी चाके असलेले टेंडरसहचे त्यांचे २३४ क्रमांकाचे मॉडेल सर्वांत परिचित आहे. टेंडरवरच्या आकड्यावरून मात्र फसू नका. ४४७२ हा क्रमांक ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध इंजिनाचा. त्या खऱ्या इंजिनाला सहा चालवणारी चाके आहेत, आणि बोमनने तो क्रमांक लोकप्रिय म्हणून आपल्या चार चालवणाऱ्या चाकांच्या खेळण्यावर घातला होता. दुसरी खूण आकाराची. ३२ मिलिमीटर रुळांच्या मानाने बोमनची इंजिने चांगलीच थोराड दिसतात, आणि त्यामागे कारण आहे. बॉयलर निम्म्या मापाचा केला तर त्यात मावणारे पाणी एक अष्टमांश होते, पण उष्णता गमावणारा पृष्ठभाग एक चतुर्थांशच होतो. म्हणजे लहान बॉयलर पाण्याच्या मानाने दुप्पट वेगाने थंड पडतो. बोमनने मापाचा काटेकोरपणा सोडला आणि बॉयलर मोठा ठेवला, म्हणून त्यांची इंजिने मुलांच्या हातीसुद्धा भरवशाने चालत.

खात्री करण्यासाठी सिलिंडर पाहा. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एका खिळीवर डोलतील असे बसवलेले आणि मागून स्प्रिंगने दाबून धरलेले असतील, तर माझा अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता मोठी आहे. सिलिंडर जागच्या जागी पक्के असतील आणि वाफ आत-बाहेर सोडण्यासाठी वेगळी सरकती झडप असेल, तर ते नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोकसारख्या अधिक महागड्या घराण्याचे असू शकते. मग खाली सांगितलेले बॉयलरचे सगळे लागू राहील, सिलिंडरचे मात्र बदलेल. आणखी एक गोष्ट: बोमन आपली इंजिने लाकडी पेटीतच विकत असे. माळ्यावरची ती पेटी आजोबांनी करून घेतलेली नसून मूळची असण्याची शक्यता आहे. ती धुऊ नका, तिच्यावर पॉलिश चढवू नका आणि आतला कागदाचा कपटासुद्धा टाकू नका.

हात लावण्यापूर्वी दोन धोक्यांकडे लक्ष द्या. जुन्या इंजिनांत बॉयलरभोवतीचे वेष्टण, दिव्यातली वात किंवा सांध्यातली दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली. त्याआधीच्या वस्तूत ते नाही असे गृहीत धरू नये. पांढरी-करडी तंतुमय वस्तू दिसली तर ती कोरडी खरवडू नका. साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवा, चांगला मास्क लावून ओलीच काढा आणि दुहेरी पिशवीत बंद करा. त्या काळच्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरड्या पॉलिश पेपरने घासणे वर्ज्य आहे. मुलांना हे काम बघायला बसवू नका. त्यांच्यासाठी पुढे इंजिन धावण्याचा दिवस आहे.

आता बॉयलर. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण यात अंदाजाने चालत नाही. समजा तुमच्या बॉयलरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पत्रा ०.७ मिलिमीटर जाडीचा आहे, आणि दाब प्रति चौरस इंच १५ पौंड, म्हणजे साधारण १ बार, जितका स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये असतो तितका आहे. अशा वेळी नळीच्या पत्र्यावर येणारा ताण प्रति चौरस मिलिमीटर ४ न्यूटनसुद्धा नसतो, आणि चांगली पितळ त्याच्या कितीतरी पट सहन करते. म्हणून बॉयलरची नळी फुटण्याची भीती सहसा नसते. टोकांच्या दोन झाकणांवर मात्र प्रत्येकी सुमारे २० किलो वजनाइतका जोर बाहेरच्या बाजूने येतो, आणि तो सगळा सोल्डरचा सांधा पेलत असतो. मी पाहिलेले बहुतेक निकामी बॉयलर या सांध्यापाशी किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवण्याच्या बुशापाशी, म्हणजे आट्यांच्या जाड कड्यापाशीच गेलेले होते.

हे सांधे निकामी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पाणी संपल्यावरही पेटत राहिलेला दिवा. १५ पौंड दाबाला वाफेचे तापमान साधारण १२१ अंश असते, त्यामुळे पाण्याशी लागून असलेला सांधा १८३ अंशांच्या बराच खाली राहतो. पाणी संपले की हे संरक्षण जाते आणि ज्योत सोल्डरला काही मिनिटांत वितळणबिंदूपर्यंत नेते. तुमच्या इंजिनाला पाण्याची काचनळी नसेल, तर ‘एकदा कोरडे पडले होते का’ याचे उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही. खुणा मात्र शोधता येतात. बॉयलरच्या पोटाशी पितळेचा रंग निळा-जांभळा झालेला असणे, सांध्यावर सोल्डरचा ओघळ दिसणे, झाकण किंचित बाहेर फुगलेले असणे, या तिन्हींपैकी एक जरी दिसली तरी थांबा. सांध्याजवळ रंगाखाली कठीण, गुळगुळीत थर लागतो का तेही नखाने तपासा. मी एकदा लिलावात ‘चालू स्थितीत’ म्हणून घेतलेल्या इंजिनाच्या झाकणाची फट इपॉक्सी लुकणाने बुजवून वर रंग दिलेला निघाला. असे लुकण गरम झाले की मऊ पडते; ते वाफेच्या भांड्यावर लावणे ही माझ्या मते फसवणूकच आहे.

खुणा नसतील तर आत साठलेला क्षार काढा. कोमट पाण्यात ५ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, घालून बॉयलर भरा, अर्ध्या तासाने ओता, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. ते रात्रभर ठेवू नका. आम्ल पितळेतले जस्त खाते आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी छटा येते.

त्यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी. ती हवेने घेऊ नये आणि वाफेने तर कधीच नाही. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते आणि सांधा सुटला तर ती एका क्षणात बाहेर पडते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थेंब गळतो आणि काटा खाली येतो, एवढेच होते. बॉयलर पूर्ण भरा, तिरका करून हवेचा शेवटचा बुडबुडासुद्धा बाहेर काढा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी हातपंपाची जोडणी करा आणि दुसरे सगळे मार्ग बंद करा. पुण्यात प्लंबिंगच्या नळ्यांची चाचणी घेणारे जो हातपंप वापरतात तो चालेल, पण त्याचा दाबमापक बदलावा लागेल. ३०० पौंडांपर्यंतच्या तबकडीवर ३० पौंड नीट वाचताच येत नाहीत, ६० पौंडांपर्यंतची तबकडी घ्या. मूळ दाब खात्रीने ठाऊक नसलेला बॉयलर मी १५ पौंडांच्या वर चालवत नाही, आणि चाचणी त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० पौंडांवर घेतो. दाब पाच-पाच पौंडांनी वाढवा, प्रत्येक टप्प्यावर झाकणांवर सरळ पट्टी धरून फुगवटा बघा, आणि शेवटी पंधरा-वीस मिनिटे थांबा. काटा स्थिर राहिला आणि झाकणे जागची हलली नाहीत, तर बॉयलर चालवण्याजोगा आहे असे म्हणता येईल.

गळती निघाली तर काय, हा यातला खरा अवघड भाग आहे. पुण्यात आहात म्हणून सांगतो: तांबट आळीतले कारागीर भांड्यांच्या कामात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांचा हातही सोल्डरवर बसलेला असतो. तरीही हा बॉयलर त्यांच्याकडे ‘जरा डाग द्या’ म्हणून देऊ नका. जुन्या सांध्यावर नवे कथील-शिशाचे सोल्डर थापले की गळती दिसायची थांबते, पण खालचा कमजोर सांधा तसाच राहतो. शिवाय कायमचे काम करायचे तर ते चांदीच्या सोल्डरने करावे लागते. ५५ टक्के चांदीचे सोल्डर साधारण ६३० ते ६६० अंशांना वितळते, आणि त्या उष्णतेला मागे उरलेले शिसे-कथील तांब्यापितळेत शिरून धातू ठिसूळ करते व नवा सांधा धरू देत नाही. म्हणजे प्रत्येक नवा डाग पुढची खरी दुरुस्ती अवघड करतो. गॅसवेल्डिंगच्या दुकानात पितळी कांडीने जोडणे त्याहून घातक आहे, कारण कांडी आणि बॉयलर जवळपास एकाच तापमानाला, ९०० अंशांच्या आसपास, वितळतात. अशा वेळी मी जुना बॉयलर जसाच्या तसा कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो आणि त्याच मापाचा नवा, चांदीच्या सोल्डरचा बॉयलर करून बसवतो. मूळ वस्तू शाबूत राहते, इंजिन धावते, आणि उद्या कोणाला हवे असल्यास सहा स्क्रू काढून सगळे पूर्ववत करता येते. हे काम घरी पहिल्यांदाच करू नका. ज्याने असे बॉयलर केले आहेत आणि जो चाचणी तुमच्या समोर घेईल, अशाकडूनच करून घ्या.

सेफ्टी व्हॉल्व्ह जुना असेल तर तो शोभेसाठी ठेवा आणि चालवताना नवा, दाब ठाऊक असलेला बसवा. इथे आट्यांची अडचण येते. इंग्लंडच्या त्या काळच्या छोट्या कामात बीए, बीएसएफ अशा जुन्या ब्रिटिश मापांचे आटे असतात, आणि आपल्याकडे सहज मिळणारे मेट्रिक स्क्रू त्यांना चालत नाहीत. फसवणारी जोडी म्हणजे २ बीए आणि मेट्रिकमधला एम ५. पहिल्याचा व्यास ४.७ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर ०.८१, दुसऱ्याचा ५ मिलिमीटर आणि ०.८, त्यामुळे एम ५ एक-दोन फेरे गोडीत आत जातो आणि मग जोर लावताच मूळचे आटे कापून टाकतो. बोटांनी जात नसेल तर स्क्रू चुकीचा आहे, असे समजून थांबा.

चाके न फिरण्याची चिंता तुम्ही फार केली आहे; या सगळ्यात ती सर्वांत सोपी गोष्ट आहे. सिलिंडरात राहिलेले तेल इतक्या वर्षांत लाखेसारखे घट्ट होते, आणि कळकलेल्या पितळेचा हिरवा थर त्यात मिसळतो. चाके धरून पिळू नका, कारण त्याने आसावरचे चाक सरकते किंवा क्रँकची खीळ वाकते, आणि मग खरेच मोठे काम निघते. बोमनच्या पद्धतीच्या सिलिंडरात मागचा स्प्रिंगचा नट सोडला की सिलिंडर बाहेर येतो. उजव्या-डाव्याच्या वेगळ्या डब्या करा आणि प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. सिलिंडर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, मग हलके तेल सोडा, आणि दट्ट्या लाकडी काडीने हळूहळू मागेपुढे करा. एका बैठकीत सुटला नाही तर तेलात आठवडाभर राहू द्या. ॲसिटोन किंवा थिनरने हे लवकर होते खरे, पण त्याचा एक थेंब रंगावर पडला तर तिथला रंग गेला.

सिलिंडरचा सपाट चेहरा आणि त्याच्या समोरचा फ्रेमवरचा चेहरा एकमेकांवर घासून वाफेची ये-जा घडवतात. त्यांवर ओरखडे असतील तर वाफ तिथूनच निसटते. जाड काचेवर १००० आणि मग २००० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात, फक्त बोटाच्या वजनाने घासा. व्हॉल्व्ह घासण्याची काळी ग्राइंडिंग पेस्ट वापरू नका. तिचे कण मऊ पितळेत रुततात आणि पुढे तिथेच राहून समोरचा भाग खात राहतात. स्प्रिंग इतकीच आवळा की सिलिंडर बोटाने सहज डोलेल. फार आवळली तर इंजिन जड चालते. फार सैल ठेवली तर वाफ सिलिंडरला उचलते आणि फसफसत बाहेर पडते. जुळणी झाल्यावर बॉयलर बाजूला ठेवून फक्त सिलिंडरांना १० पौंडांची हवा द्या. चाके हवेत अधांतरी, एकसारखी फिरू लागली की यंत्राचे काम झाले.

एक अपवाद नोंदवतो. त्या काळातल्या काही उत्पादकांची चाके आणि छोटे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत, आणि त्यात शिशाची भेसळ राहिली तर धातू आतल्या आत भेगाळतो. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या, भाग किंचित फुगलेला वाटला, तर तो रोग आहे आणि त्याला औषध नाही. असा भाग चिकटवण्यात वेळ घालवू नका. त्याच मापाचा नवा भाग मिळतो किंवा करून घेता येतो.

आता रंग, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. इंग्लंडमध्ये आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एक हिरवे टँक इंजिन, म्हणजे वेगळे टेंडर नसलेले इंजिन, घेतले होते. रंग साठ टक्के शिल्लक होता, बाजूला सोनेरी-काळ्या रेघा होत्या, अक्षरे थोडी झिजली होती. मी ते रसायनाने स्वच्छ खरवडले आणि तीन आठवडे खपून अतिशय नीट रंग दिला. अशा छोट्या इंजिनांच्या क्लबमधल्या एका वयस्कर सभासदाने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मूळच्या रेघांचा फोटो काढला होतास का?” मी काढला नव्हता. त्या विशिष्ट रेघा त्या मॉडेलच्या थोड्याच इंजिनांवर होत्या, आणि त्या कशा होत्या हे सांगणारे एक साधन मी माझ्या हाताने नाहीसे केले होते. ती गोष्ट मला आजही बोचते, आणि तुम्हाला इतक्या आग्रहाने थांबवतो आहे ते त्यामुळेच.

उडालेला रंग हा माझ्या दृष्टीने दोष नाही. दिव्याजवळचा करपलेला भाग, सेफ्टी व्हॉल्व्हभोवती पाणी उडून पडलेले डाग, मुठीने धरण्याच्या जागी झिजलेली हिरवाई, यांतून हे इंजिन कोणीतरी मनापासून चालवले होते एवढे कळते. तुमच्या घरात ते कोणी हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून फक्त साफसफाई करा. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, कापसाच्या बोळ्याला अगदी थोडे खनिज तेल लावून आधी पोटाखालच्या न दिसणाऱ्या जागी करून पाहा, बोळ्यावर हिरवा रंग आला तर तिथेच थांबा. स्पिरिट लावू नका. जुना वार्निश त्याने विरघळतो, आणि दिवा भरताना सांडलेल्या स्पिरिटनेच यातला बराच रंग गेलेला असतो. उघड्या पत्र्यावरचा गंज तेल लावलेल्या बारीक पितळी तारेने हलकेच काढा आणि शेवटी संग्रहालये वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण अगदी पातळ लावा. पितळी बॉयलर आरशासारखा चमकवण्याचा मोह आवरा, कारण पॉलिशच्या प्रत्येक हातात थोडी धातू जाते.

पूर्ण रंग देणे योग्य ठरते अशी स्थितीही असते. रंग जवळजवळ शिल्लकच नसेल, किंवा मधल्या कोणीतरी आधीच घरगुती रंग थापलेला असेल, तर जपण्यासारखे थोडेच उरते, आणि तेव्हा मीसुद्धा रंग देतो. तेव्हाही एखाद्या आतल्या कोपऱ्यात मूळ रंगाचा चौकोन तसाच राखतो.

गणपतीत चालवण्याबद्दल: बॉयलर चाचणीत उतरला तर होय, अन्यथा या वर्षी फक्त मांडून ठेवा. चालवायचे तर पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी सोडून धरलेले पागोळीचे पाणी गाळून वापरा. त्यात क्षार नसतात. बॉयलर तीन चतुर्थांश भरा. दिव्यात किती स्पिरिट घालायचे हे आधी मोजून ठरवा: उघड्या पातेलीत तेवढेच पाणी घेऊन दिवा पेटवा आणि स्पिरिट संपल्यावर पाणी किती उरले ते पाहा. पातेलीत वाफ मोकळी जाते, म्हणून हा अंदाजच असतो. पहिल्या फेऱ्यांना त्याच्या निम्मेच स्पिरिट घाला आणि बॉयलर थंड झाल्यावर उरलेले पाणी मोजून मगच वाढवा. दिवा नेहमी पाण्याआधी विझला पाहिजे, याच तत्त्वावर ही खेळणी बेतलेली असतात. फर्निचरच्या पॉलिशसाठी वापरतात ते स्पिरिट चालते; पेट्रोल किंवा रॉकेल कधीही नको. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी चालवा, गरम दिव्यात पुन्हा स्पिरिट ओतू नका, आणि जवळ पाण्याची बादली ठेवा. स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे ही आग पाण्याने विझते. मांडवाच्या कापडापासून, मखरापासून आणि तोरणांपासून ते दूर, फरशीवर असावे, आणि मुलांनी दोन हात लांब बसून पाहावे.

इंजिनात तेल सोडण्याची वेगळी सोय नसेल तर प्रत्येक फेरीआधी वाफेच्या नळीत दोन-तीन थेंब स्टीम सिलिंडर ऑइल सोडा. मोटारीचे तेल वाफेतल्या पाण्यापुढे टिकत नाही, धुऊन जाते. दिवा विझल्यावर दाब उतरला की सेफ्टी व्हॉल्व्ह लगेच सैल करा. तसाच ठेवलात तर आतली वाफ थंड होऊन पोकळी निर्माण होते आणि सिलिंडरातले तेलकट पाणी बॉयलरात ओढले जाते. उरलेले पाणी कोमट असतानाच ओता.

किमतीबद्दल आकडा सांगत नाही. त्यात बॉयलरची स्थिती, मूळ रंग, मूळ दिवा आणि मूळ पेटी यांवर इतका फरक पडतो की फोटोशिवाय बोललेला कोणताही आकडा तुमची दिशाभूल करेल. विक्रेते मागतात त्या किमती बघू नका. लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या किमती बघा. दिवा हा सर्वाधिक हरवणारा भाग आहे, आणि तुमच्याकडे तो आहे.

संग्रह वाढवायचा असेल तर पुढचे इंजिन आजोबांच्या काळातले घेऊ नका. आधी मॅमोड या ब्रिटिश कंपनीचे १९७९ पासून निघालेले एसएल १ सारखे साधे, ३२ मिलिमीटर रुळांवरचे इंजिन घ्या. त्याचे सुटे भाग अजून मिळतात, ते दुर्मिळ नाही, आणि शिकताना हातून झालेली चूक त्यावर भरून काढता येते. परदेशातून मागवताना लिलावगृहाचा अधिभार, वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच बोली लावा, आणि कोणी सोबत आणणार असेल तर दिवा पूर्ण कोरडा व वासरहित असल्याची खात्री करा. स्पिरिट विमानातून नेता येत नाही.

तूर्त इंजिन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले असेल तर ते बाहेर काढा, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत आत दव धरते. सुती कापडात सैल गुंडाळून, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि मला हे फोटो पाठवा: दोन्ही बाजूंचे सिलिंडर जवळून, बॉयलरचे मागचे झाकण तिरक्या उजेडात, बॉयलरचे पोट दिवा काढून, चाकांच्या आऱ्या, आणि पेटीच्या झाकणाची आतली बाजू. त्याबरोबर बॉयलरचा बाहेरचा व्यास आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या आट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजून कळवा, म्हणजे नवा व्हॉल्व्ह कोणत्या मापाचा लागेल ते सांगता येईल.